पाठीला न पोचलेला पाला

"मावशी, तेलाला हात लावू नका. आधी हात दाखवा."

बाळाच्या आईने हे अगदी हळू म्हटलं, पण मावशीच्या हातातली वाटी तिथेच थांबली. तीस वर्षं ती घरोघर जाऊन तान्ह्या बाळांना तेल लावून अंघोळ घालत होती. आजवर तिला हात दाखवायला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने वाटी खाली ठेवली आणि हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ होतं, खाजवून खाजवून सोललेलं. त्यावर हिरवट पिवळा डाग चढला होता.

"कडुलिंबाचा पाला आणि हळद," मावशी म्हणाली. "वाटून लावते."

"कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस."

आईने बाळाचं झबलं वर केलं. पोटावर, काखेत, इवल्याशा तळपायांवर लाल ठिपके. "काल डॉक्टरांकडे नेलं होतं. खरूज म्हणाले. जवळच्याच कुणाकडून तरी आली असणार. आम्ही सगळ्यांनी अंग तपासलं, मावशी. घरात कुणालाच नाही."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. बाळ मात्र तिला बघून हसलं आणि पाय झाडायला लागलं.

"अगं, सांगायचंस तरी," दारातून आजी म्हणाली. तिच्या मुलालाही, म्हणजे या बाळाच्या बापालाही, मावशीनेच न्हाऊ घातलं होतं.

"वाटलं, आठ दिवसांत जाईल. वहिनी, तुमचा लेक शाळेतून खरूज घेऊन आला होता, आठवतं? तेव्हा पाला मीच वाटून आणला होता. महिन्याभरात अंग लख्ख. त्या पाल्यावर भिस्त ठेवून बसले हो."

"मग तुलाच कसा गुण येईना?"

मावशीने हात पदराखाली घेतले. "त्याला आपण दोघी मिळून लावत होतो. मानेपासून टाचेपर्यंत. माझा हात पाठीला पोचत नाही. पुढून बरं वाटतं, की पाठीकडून पुन्हा सुरू."



आजीने कपाटातून मलमाची नळी काढून तिच्यापुढे धरली. "हे घे. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, म्हणाले डॉक्टर. नाहीतर फिरत राहतं."

"माझ्या घरातल्या सगळ्यांचं एका दमात होईल," मावशी म्हणाली आणि हसली. तिच्याबरोबर दुसरं कुणी हसलं नाही. मग नळी पदरात गुंडाळत ती म्हणाली, "अजून चार घरं आहेत. तिथे आज मीच सांगते. दुसऱ्याकडून कळायला नको."

पाणी तापून तयार होतं. आई न्हाणीत पाय पसरून बसली, बाळाला पायांवर घेतलं आणि तिचा धीर सुटला. "मला नाही जमणार, मावशी. निसटेल हो."

मावशी दारापाशी टेकली. हात काखेत दाबून धरले होते. "नाही निसटत. पावलं जुळव. मान डाव्या हातात. आधी पायांवर पाणी घाल, मग पोटावर. चोळू नकोस, नुसता हात फिरव. तू घाबरलीस की त्याला कळतं."

पहिला तांब्या पडला आणि बाळाने भोकाड पसरलं.

"झालं रे माझ्या राजा, झालं झालं," मावशीच्या तोंडून निघून गेलं.

बाळ एकदम थांबलं. मान वळवून आवाजाच्या दिशेने शोधायला लागलं. आईच्या हातात त्याने अंग ताठ केलं, ओठ पुढे काढले. मावशीने तोंड मिटलं तसं ते पुन्हा टाहो फोडून रडायला लागलं.

"बोला ना, मावशी. तुमच्या आवाजाने राहतं ते."

"म्हणूनच नको." मावशी उठली आणि बाळाला दिसणार नाही अशी भिंतीआड जाऊन उभी राहिली. "घाल तू पाणी. रडेल जरा. तुझ्या हाताची सवय होऊ दे त्याला."

भिंतीपलीकडून रडणं येत राहिलं. पाणी पडत राहिलं, आई काहीबाही पुटपुटत राहिली. रडणं हळूहळू बारीक झालं, मुसमुसण्यावर आलं.

मग थांबलं.

मावशी अजून कान देऊन उभी होती.