शून्य धरलेली इमारत

देविकाने बाबांसमोर लॅपटॉप उघडला आणि एका दमात सांगून टाकलं, की अहवाल चुकलाय, चूक तिची आहे आणि ही इमारत खचते आहे.

शशिकांत चष्मा पुसत राहिले. ठाकूरद्वारच्या या तीन मजली इमारतीतल्या भाडेकरूंचे ते पुढारी. दोन वर्षांपूर्वी घरं रिकामी करायची नोटीस आली, तेव्हा लेकीच्या कंपनीने केलेला उपग्रहाच्या मोजणीचा अहवाल त्यांनीच सुनावणीत मांडला होता. इमारतीची हालचाल शून्य. नोटीस बारगळली. तेव्हापासून भिंतीला भेग पडली की माणसं सिमेंट भरायची आणि दार अडलं की सुताराकडून रंधा मारून घ्यायची. उपग्रह काय खोटं बोलणार?

उपग्रह खोटं बोललाच नव्हता. उपग्रहावरचं रडार दोन जागांमधला फरक तेवढा सांगतं, हे देविकाने बाबांना सोपं करून सांगितलं. आधी एक जागा पक्की धरायची, मग बाकीच्या तिच्या मानाने वर गेल्या की खाली ते कळतं. पक्की जागा म्हणून देविकाने हीच इमारत निवडली होती. इमारतीवरचा पत्रा रडारला झकास दिसायचा, हे एक कारण. दुसरं अहवालात लिहिण्यासारखं नव्हतं. ज्या घरात ती रांगली ते घर हलेल, असं बिचारीच्या डोक्यातच आलं नाही.

गेल्या महिन्यात तीच इमारत पक्की धरून अधिक लांब काळाची नवी मोजणी लावली, तर देऊळ, शाळा, रस्ता, समोरचा टॉवर, सगळंच वर्षाला सहा मिलिमीटर वर चढताना दिसलं. अख्खं ठाकूरद्वार असं फुगत नसतं. खाली जात होती ती शून्य धरलेली एकटी इमारत. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, ज्या सरकारी खात्याने काम दिलं त्याने मागितल्याशिवाय सुधारित अहवाल निघत नाही. त्या खात्याला तिने तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही.

"तू तेव्हा मोजलंस ते खरं, की आता मोजतेस ते?" शशिकांतनी विचारलं.

"आताचं."

"तेव्हाही हेच म्हणाली होतीस."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. मागच्या गल्लीतली माणसं अकरा वर्षांपूर्वी तात्पुरती म्हणून संक्रमण शिबिरात गेली, त्यांतलं एकही बिऱ्हाड अजून परतलं नाही, एवढंच त्यांनी शांतपणे सांगितलं. निदान तुम्ही तरी माझ्याकडे शीवला चला, म्हणून ती हात जोडायची बाकी राहिली. इतरांना इथे ठेवून आपण कसं जायचं, असं त्यांनी विचारलं. मग मी सगळ्यांना सांगते, म्हणत ती उठली. त्यांनी तिला अडवलं नाही.

पहिलं दार शेजारच्या सुभद्रामावशींचं. त्यांनी तिला बघताच जवळ घेतलं.

"मावशी, तो अहवाल चुकीचा होता. माझं गणित चुकलं."

"तुझं?" मावशी हसल्या. "अगं, इमारतीतल्या सगळ्या पोरांची गणितं तू तपासायचीस." मग हौसेने सांगू लागल्या, की लेक अनुजा बाळाला घेऊन गुरुवारी माहेरी येतेय. जावई भेगा बघून नको म्हणत होते. "तुझा कागद दाखवला, तेव्हा कुठे तयार झाले."

देविकाने त्यांचा हात धरून सगळं पुन्हा सांगितलं. शून्य, पत्रा, सहा मिलिमीटर. बोलता बोलता तिला रडू फुटलं. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पदराने तिचे डोळे पुसले आणि नोकरीचा एवढा ताण घेऊ नकोस, आज इथेच जेव, म्हणाल्या.

आत त्यांचा मुलगा वैभव स्टुलावर चढून तुळईत पाळण्याची कडी बसवत होता. कडी घट्ट झाल्यावर त्याने ती दोन्ही हातांनी धरली, पाय उचलले आणि सगळा भार टाकून लोंबकळून बघितलं.

"जरासुद्धा हलत नाही, आई," तो म्हणाला.