खडवलीचा वाचक

खडवली स्टेशनबाहेरच्या टपालपेटीपाशी मंजुळाबाई जरा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. हातातलं पाकीट आत पडलं की सखाराम भोईर संपले.

सखाराम भोईर नावाचा माणूस मुळात नव्हताच. आठ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान श्रीपाद लिहिणं सोडायला निघाले होते. चाळीस डिटेक्टिव्ह कादंबऱ्या झाल्या, आता वाचतंय कोण, म्हणून डोंबिवलीच्या घरात दिवसभर पंख्याकडे बघत पडून असायचे. ते बघवेना, तेव्हा मंजुळाबाईंनी खडवलीचा एक म्हातारा वाचक जन्माला घातला.

पत्र डाव्या हाताने लिहायचं. शहाडच्या बहिणीकडे जाते म्हणून निघायचं आणि खडवलीचा शिक्का पडावा म्हणून इथवर यायचं. श्रीपादांची उत्तरं टपालात टाकायलाही त्याच जायच्या. ती सगळी साड्यांखाली साठली होती.

दरवर्षी एक कादंबरी येत राहिली. खुनी कुठे चुकला ते सखाराम चार-चार पानं लिहायचे. वर आपलंही काहीबाही. परदेशातला मुलगा फोन करत नाही, संध्याकाळ खायला उठते, असं.

पण आता गुडघे साथ देईनात. डावा हात थरथरायचा. मंजुळाबाईंनी पाकीट आत सोडलं.

चौथ्या दिवशी ते घरी आलं. श्रीपादांनी चष्मा पुसून मोठ्याने वाचलं.

"आमचे सासरे गेले. शेवटपर्यंत तुमचंच पुस्तक उशाशी होतं. करिश्मा भोईर."

"गेले बिचारे," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही मात्र लिहिणं सोडू नका हं. त्यांना आवडलं नसतं."

टेबलावरची अर्धी कादंबरी श्रीपादांनी उचलली, खणात ठेवली आणि खण लावून घेतला.

"चहा टाकू?"

"टाकशील. आधी बस जरा. खडवली स्टेशनचा जिना आता चढवत नाही ना तुला?"

मंजुळाबाई खुर्चीचा हात धरून बसल्या.

"आठ वर्षांत मला एक ओळ धड सुचली नाही गं," श्रीपाद म्हणाले. "पण पुस्तक आलं नसतं, तर तुझी पत्रं थांबली असती. आणि एवढं मनातलं तू घरात माझ्याशी कधी बोललीच नाहीस."