नळीतले डिझेल
रविवार, दिनांक ११ फेब्रुवारी १९७९. स्थळ लक्ष्मीबाई नगर, दिल्ली. पाण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन पत्र्याच्या सांगाड्यात बसवून श्रीरंगरावांनी तीन वर्षांत हलकी मोटार घडवली होती. अर्ध्या लिटरात पंचवीस किलोमीटर न गेल्यास ती भंगारात द्यायची, अशी परिचारिका असलेल्या पत्नीची, हेमलताबाईंची, अट होती. मापासाठी त्यांनीच सलाईनच्या बाटलीत डिझेल भरून ती गाडीच्या छताला टांगली; तिची नळी श्रीरंगरावांनी इंजिनाला जोडली. चोविसाव्या किलोमीटरला बाटली रिकामी झाली. इंजिन मात्र पंचविसावा पूर्ण करूनच थांबले. “हरलो. शेवटचा किलोमीटर नळीतल्या डिझेलवर गेला, तो बिल्कुल धरायचा नाही,” श्रीरंगराव म्हणाले. “अच्छा, जिंकतानाही वाद? नळी तुम्हीच कोरडी करून जोडलीत ना? मग तिच्यात उतरलं ते बाटलीतलंच. वॉर्डात आम्ही नळीतलं सलाईनही पेशंटच्याच नावावर लिहितो.” हेमलताबाई म्हणाल्या, “गाडी ठेवायची.”