विहीणबाईंचा अडॅप्टर

लेकीच्या लग्नासाठी एडिनबर्गला आलेल्या इंदुमतीबाईंनी रत्नागिरीहून स्वतःचा मिक्सर उचलून आणला होता. सोलकढी त्यांच्याच हातची व्हायला हवी होती ना! पण मिक्सरच्या गोल पिना तिथल्या चौकोनी भोकांत काही केल्या शिरेनात. खवलेला नारळ तसाच ताटात पडून होता. ओट्यावर विहिणीचा मिक्सर दिसत होता, पण तो मागायचा म्हणजे कमीपणा.

तेवढ्यात विहीणबाई मोइरा स्वयंपाकघरात आल्या. इंदुमतीबाई उतरल्यापासून त्या धड दोन वाक्यंही बोलल्या नव्हत्या. 'हिला आमची पोर पसंतच नाही,' असं इंदुमतीबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. आता त्यांनी ओशाळून हातातला प्लग दाखवला.

मोइरा लगबगीने वर गेल्या आणि एक नवाकोरा अडॅप्टर घेऊन आल्या. इंदुमतीबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि लेकीला हाक मारली.

"शर्वरी, हा उलटाच आणलाय गं हिने! हा आपल्याकडच्या भिंतीत बसतो. इथे काय कामाचा?"

शर्वरीने सासूला विचारलं आणि ती हसायलाच लागली.

"आई, त्यांना डिसेंबरात रत्नागिरीला यायचंय, तुझ्याकडे राहायला. तुला विचारायचा धीर होत नव्हता. तिकडे त्यांची चहाची किटली चालावी म्हणून आधीच घेऊन ठेवलाय."

इंदुमतीबाई विहिणीकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी ओट्यावरचा विहिणीचाच मिक्सर पुढे ओढला, सगळा नारळ त्यात घातला आणि म्हणाल्या, "किटली कशाला आणतेस म्हणावं? चहा मी करीन."