मोज्यांना चिकटलेलं बी

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: आईच्या संगणकावर तिनेच बनवलेला एक नकाशा आहे. हवा तापत जाईल तसं एक परकं तण कुठवर पसरेल, ते त्यावर लाल रंगात दिसतं. लाल रंग अजून डोंगरापलीकडेच होता, आणि आज तेच तण आपल्या गल्लीत सापडलं.

"वारा, पाणी, पाखरं, सगळं हिशेबात धरलं होतं गं! मग हे आलं कसं?" आईने कपाळाला हात लावला.

लेकीचा चेहरा उतरला. "तू डोंगरापलीकडून आलीस ना, तेव्हा तुझ्या मोज्यांना बी चिकटलं होतं. मी ते कुंडीत लावलं. फुलं इतकी छान आली, की मैत्रिणींनाही रोपं दिली."

"किती जणींना?"

"सगळ्या वर्गाला."

आई आपल्या मोज्यांकडे बघतच राहिली. लेकीने आधी स्वतःचं रोप मुळासकट उपटलं, मग चपला घातल्या आणि शेजारच्या मैत्रिणीचं दार वाजवलं.