घरभेदी

ऑस्ट्रेलियातल्या बॅथर्स्टच्या डोंगरावरची सहा तासांची मोटार शर्यत ग्लेनिस आणि तिचा थोरला भाऊ मर्व अकरा वर्षं एकच गाडी आळीपाळीने चालवत लढवत आले होते. यंदा मात्र ती पेट्रोलसाठी थांबली की मर्व शेजारच्या पिटच्या गाळ्यात, प्रतिस्पर्धी संघाचा मालक बार्नीच्या कानाला लागलेला दिसायचा, हातात स्टॉपवॉच. तिच्या मनात पाल चुकचुकत राहिली. शेवटी बार्नीचीच गाडी निसटती पुढे गेली, तशी हेल्मेट आपटून ती मर्ववर कडाडली, “आपली गुपितं फोडलीस ना? घरभेदी कुठला!”

मर्व वाकून तिचं हेल्मेट उचलू लागला. बार्नीच पुढे आला.



“गुपितं कसली, पोरी! सकाळपासून हा तुझ्या एकेका फेरीची वेळ दाखवून डोकं खातोय माझं, ‘माझी नजर अधू झालीय, पुढच्या वर्षी हिला तुझ्या गाडीत घे.’”