पाच दिवसांचं औषध

पाचव्या दिवशीही विष्ठेत रक्त होतंच.

संगीता बायजीच्या खुराड्यापाशी उकिडवी बसली आणि काडीनं उलटीपालटी करून बघत राहिली.

"आज आणखी दोन गेली," मागून बायजी म्हणाली. मेलेली पिल्लं तिनं पाटीखाली झाकून ठेवली होती.

संगीता या पाड्याची पशुसखी, गुराकोंबड्यांवर पहिले उपचार करणारी. डहाणूहून प्रशिक्षण घेऊन आल्याला जेमतेम दोन महिने झाले होते. बायजीकडची रक्ती हगवण तिनं पहिल्याच दिवशी ओळखली. खुराड्यातला ओला पेंढा काढायला लावला, खाली चुना मारला. दवाखान्यातून आणलेली पिवळी पूड पाण्यात कालवायला शिकवली आणि बजावलं, पाच दिवस हेच पाणी, दुसरं नाही. औषध चालू आहे तोवर आणि पुढे दहा दिवस अंडी खायची नाहीत. बायजीनं मान हलवली होती.

तरी सोळा पिल्लांतली नऊच उरली. शेजारीण काळी तर तोंडावरच म्हणाली होती, "शिकून आली नि कोंबड्या मारल्या."

हात धुवायला संगीता घरामागे गेली. तिथं पपईच्या बुंध्याशी माती पिवळी झाली होती. एकदाच सांडल्यासारखी नव्हे, रोज ओतल्यासारखी.

तिचं डोकंच फिरलं. "काकी, औषध ओतून देता? मग मी रोज उन्हातून येते ती कशाला?"

बायजी पाटी सारखी करू लागली.

"बोला ना! पाड्यात नाव माझं खराब होतंय."

बायजीनं मागच्या दाराकडे पाहिलं. दारात तिची लेक शितल उभी होती. पोट पुढे आलेलं, एक हात कमरेवर, चेहरा पांढराफटक. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती.

"आठवा हाय तिला," बायजी हळू आवाजात म्हणाली. "अंगात रक्त नाय. नर्सबाई म्हणली, रोज दोन अंडी घाल. तू म्हणली, औषध पाजलं का अंडी बंद. मी कुणाचं आयकू?"

पाच दिवस संगीता या अंगणात येत होती. कोंबड्या मोजल्या, पिल्लं मोजली, पण घरात कोण आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

ती तशीच घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या डब्यात स्वतःच्या कोंबड्यांची सहा अंडी होती.

"ही शितलला. संपली की आणखी आणीन. पण आता पाणी ओतू नका."

बायजीनं डबा घेतला. मग आपणच औषध कालवायचं भांडं पुढं केलं. त्या दिवसापासून औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं आणि या खेपेला नऊच्या नऊ पिल्लं वाचली.

महिन्याभरानं पलीकडच्या पाड्यावरून शुक्रा नावाच्या माणसाचं बोलावणं आलं. त्याच्याही कोंबड्या मान टाकून बसल्या होत्या. ती पोचताच तो घाईघाईनं खुराड्याकडे निघाला. संगीता ओट्यावरच थांबली.

"कोंबड्या बघते नंतर," ती म्हणाली. "आधी सांगा, घरात अंडी कोण खातं?"